एक बेट कमी, दोन दिवस जास्त

मराठी घरांतून अंदमानला जाणारा माणूस बहुधा दोन गोष्टी मनात धरून जातो. एक, सावरकर १९११ ते १९२१ या काळात जिथे कैदेत होते ते सेल्युलर जेल. दुसरी, स्वराज द्वीपावरचा, म्हणजे जुन्या हॅवलॉकवरचा, राधानगरचा किनारा. सहल कंपन्यांचा हा ठरलेला रस्ता पाच-सहा दिवसांत पुरा होतो. पण लहान-मोठी बेटं आणि समुद्रातून डोकं वर काढणारे खडक मोजले, तर अंदमान-निकोबारच्या नकाशावर आठशेच्या वर ठिपके भरतात. त्यांतल्या तिसाच्या आसपास बेटांवर माणसं राहतात आणि पर्यटकांची बहुतेक गर्दी त्यांतल्याही तीन-चार बेटांवर एकवटते. दक्षिणेचं लिटल अंदमान, मधलं लाँग आयलंड, उत्तरेकडचे रंगत, मायाबंदर आणि दिगलीपूर या बाजूला किनारे मोकळे असतात, खोल्या साध्या असतात आणि गावं पर्यटकांवाचून आपापल्या कामात असतात.

अशा ठिकाणी एकट्याने, बेताच्या पैशांत जाता येतं का? नक्की येतं. अट एकच आहे : पैसे वाचवायचे तर दिवस हाताशी हवेत. शांत बेटावर खोलीपायी खिसा रिकामा होत नाही, चुकलेल्या बोटीपायी होतो. म्हणून आखणीची सुरुवात बोटीपासून करायची आणि खोली त्यानंतर शोधायची.

अंदमानच का, हेही सांगायला हवं. लक्षद्वीपही सुंदर आणि शांत आहे, पण तिथे बाहेरून येणाऱ्या भारतीयालाही प्रवेश परवाना काढावा लागतो. मनात आलं म्हणून एकट्याने या बेटावरून त्या बेटावर जाणं तिथे अवघड आहे. अंदमानात पर्यटकांना खुल्या असलेल्या बेटांवर जायला भारतीय नागरिकाला ओळखपत्र पुरतं. निकोबारची बेटं आणि आदिवासींची राखीव क्षेत्रं मात्र सहलीसाठी बंद आहेत. ती आपल्या यादीत येऊच नयेत.

बोट म्हणजे बेटाची एसटी

पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. बोलण्यात जुनं नाव अजून आहे. तिथल्या फिनिक्स बे जेट्टीवरून नौकानयन सेवा संचालनालयाच्या सरकारी बोटी सुटतात. स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील, इथे जाणाऱ्या खासगी वातानुकूलित बोटींचं भाडं हजाराच्या वर असतं. सरकारी बोटीत काही शे रुपयांत काम होतं. आणि लिटल अंदमान किंवा लाँग आयलंडसारख्या ठिकाणी तर मुख्य आधार सरकारी बोटीचाच. आपल्याकडे आडगावाला एसटी जे करते, तेच काम तिथे ही बोट करते.

लिटल अंदमानला जाणाऱ्या बोटीच्या बंक वर्गात शिरल्यावर हे लगेच कळतं. दोन मजली फळ्यांच्या रांगा, त्यांखाली ढकललेल्या कांद्या-बटाट्याच्या गोण्या, पंख्याची खोकी, बांधून घेतलेल्या चादरी. पोर्ट ब्लेअरच्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून परतणारी म्हातारी माणसं, सुट्टीला घरी निघालेली कॉलेजची मुलं, कचेरीच्या कामासाठी येऊन परत निघालेले शिक्षक. या सगळ्यांत पर्यटक एखाद-दुसरा. त्याला ही सहल आहे. बाकीच्यांना घरी पोचायचा हा परवडणारा मार्ग आहे. हेलिकॉप्टरची सेवा आहे, पण त्यात जागा मोजक्या आणि आजारी माणसाचा हक्क पहिला.

त्यामुळे तिकिटांची व्यवस्थाही बेटवासीयांना धरून केलेली आहे. त्यांच्यासाठी जागा राखीव असतात, भाडंही त्यांना कमी पडतं. बोटींचं वेळापत्रक थोडेच दिवस आधी जाहीर होतं आणि तिकीटविक्रीही प्रवासाच्या काही दिवस आधीच उघडते. समुद्र खवळला की फेरी रद्द होते. तीन महिने आधी घरबसल्या सगळी तिकिटं काढून ठेवायची आपली सवय इथे कामाला येत नाही. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर पहिलं काम जेट्टीवरच्या तिकीट खिडकीशी जाण्याचं. ओळखपत्राच्या चार-पाच छायाप्रती आणि रोख पैसे जवळ ठेवायचे. हव्या त्या दिवशीची जागा मिळाली नाही तर दुसरा दिवस कोणता चालेल, हेही आधी ठरवलेलं असावं. एकट्या माणसाचा इथे मोठा फायदा आहे. चौघांना जागा नसते तेव्हा एकाला बऱ्याचदा मिळून जाते.

दक्षिण की उत्तर?

पहिल्या खेपेला दोन्ही दिशा साधायचा मोह टाळावा. एक बेट कमी करून दोन दिवस जास्त ठेवले, तर प्रवास स्वस्तही होतो आणि नीटही होतो. प्रत्येक नवं बेट म्हणजे एक नवं तिकीट, एक नवं वाट पाहणं आणि पुढची बोट चुकण्याची एक नवी शक्यता.

दक्षिणेची निवड केली तर मुक्काम एकच : लिटल अंदमान. पोर्ट ब्लेअरपासून समुद्रमार्गे साधारण सव्वाशे किलोमीटर आणि बोटीत सहा ते आठ तास. वाटेत डंकन पॅसेज लागतो. तिथे समुद्र मोकळा असतो आणि बोट हलते, म्हणून उलटीची गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी, बोट हलू लागल्यावर नको. उतरायचं ते हट बे इथे. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीने या गावाची मोठी हानी केली होती. आजचं गाव त्यानंतर पुन्हा उभं राहिलेलं आहे. तिथून उत्तरेकडे एकच मुख्य रस्ता जातो आणि त्याच्या कडेने नेताजीनगर, बटलर बे असे लांबलचक किनारे लागतात. बटलर बे जेट्टीपासून सुमारे चौदा किलोमीटरवर आहे. व्हाइट सर्फ आणि व्हिस्पर वेव्ह हे दोन धबधबे जंगलात आहेत. भाड्याची दुचाकी किंवा गावातली बस एवढ्यावर चार-पाच दिवस सहज भरतात.

उत्तरेची निवड केली तर ठिकाणं जास्त, पण ती एका ओळीत येतात. फिनिक्स बेवरून स्वराज द्वीप, लाँग आयलंड करत रंगतकडे जाणाऱ्या सरकारी बोटी आठवड्यातून काही दिवस असतात. लाँग आयलंड चालत फिरण्याएवढं आहे. तिथला लालाजी बेचा किनारा जंगलातल्या दीड-दोन तासांच्या पायवाटेने गाठता येतो. रंगतजवळ धानी नाला इथे खारफुटीतून जाणारा लाकडी मार्ग आहे आणि त्याच्या टोकाला कासवांचा किनारा. मायाबंदरच्या परिसरात करेन लोकांची वस्ती आहे. त्यांना ब्रिटिशांनी १९२५ साली ब्रह्मदेशातून आणून वसवलं. वेबी हे त्यांचं गाव. शेवटी दिगलीपूर. तिथे रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत, ७३२ मीटर उंचीचं सॅडल पीक हे या द्वीपसमूहातलं सर्वांत उंच शिखर आहे आणि कालीपूरच्या किनाऱ्यावर चार जातींची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. आपल्या वेळासला येणारं ऑलिव्ह रिडले हे त्यांतलंच एक. कासव वर येत असताना टॉर्चचा झोत आणि मोबाइलचा फ्लॅश दोन्ही बंद ठेवायचे. उजेड दिसला तर ते अंडी न घालता माघारी फिरू शकतं.

परतीच्या विमानापासून मागे मोजा

हंगाम डिसेंबर ते एप्रिल. नैऋत्य मोसमी पाऊस मे महिन्यातच इथे पोचतो, आणि तो सरतो न सरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस सुरू होतो. बंगालच्या उपसागरातली वादळंही मेच्या आसपास आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जास्त. नाताळ आणि नववर्षाचा आठवडा महाग असतो, तो सोडावा. जानेवारीचा मध्य ते मार्च हा काळ सगळ्यात सोयीचा.

तारखा लावताना परतीच्या विमानापासून मागे यायचं. विमानाच्या आधीच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला धरायच्या. फेरी रद्द झाली तर हे दोन दिवस तिकिटाचे हजारो रुपये वाचवतात. झाली नाही तर सेल्युलर जेल, पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस बेट (दिगलीपूरचं रॉस वेगळं) आणि बाजार निवांत पाहून होतो. सर्वांत दूरचं बेट पहिल्या टप्प्यात उरकायचं आणि परत येताना जवळची ठिकाणं घ्यायची. दिवस संपत आले असताना लांबच्या बेटावर अडकलेला माणूस मिळेल त्या भावाने परततो.

स्कुबा डायव्हिंग करणार असाल तर आणखी एक नियम. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत विमानात बसलं, तर कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन सांध्यांना, मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. डायव्हिंग आणि विमान यांत अठरा ते चोवीस तासांचं अंतर ठेवतात ते याचसाठी. पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्री इथेही उपयोगी पडतात.

ज्याच्याकडे पैशांपेक्षा वेळ जास्त आहे, त्याला चेन्नई किंवा कोलकात्याहून जहाजानेही जाता येतं. प्रवास साधारण तीन दिवसांचा, फेऱ्या महिन्यातून मोजक्या. निदान एका बाजूने हा प्रवास केला तर अंदमान मुख्य भूमीपासून किती दूर आहे, तिथे कांदा महाग का आणि सिमेंटची गोणी का जपून वापरतात, हे डोळ्यांसमोर उलगडतं.

एकट्याचा हिशेब

मुंबई-पुण्याहून विमानभाडं तारखेप्रमाणे इतकं बदलतं की ते वेगळं काढून ठेवणंच बरं. विमानाचं तिकीट लवकर काढावं. बाकी काहीही लवकर काढलं नाही तरी चालेल. पुढचा हिशेब बारा दिवसांचा धरू. राहायला रोज बाराशे, जेवणखाणाला पाचशे, स्थानिक फिरण्याला तीनशे, असे दिवसाला दोन हजार. बारा दिवसांचे चोवीस हजार. बेटांमधल्या बोटी आणि बसला तीन हजार. आणि सहा हजार राखीव, ते फक्त अडकून पडलो तर वापरायचे. एकूण तेहेतीस हजार. स्वयंपाकघर वापरू देणारी घरगुती खोली मिळाली किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विश्रामगृहात जागा मिळाली, तर यातही बचत होते.

एकट्याला दोन ठिकाणी जास्त पडतं. पहिलं म्हणजे खोली, कारण भाडं वाटून घ्यायला कुणी नसतं. उपाय साधा आहे : एकाच जागी चार-पाच रात्री राहायचं आणि तसं आधी सांगून भाव ठरवायचा. दुसरं म्हणजे डोंगी, म्हणजे लहान मोटारबोट. रॉस-स्मिथला जायची बोट माणशी नसते, अख्खी ठरवावी लागते. अशा वेळी सकाळी लवकर दिगलीपूरजवळच्या एरियल बेच्या जेट्टीवर जावं, वनखात्याची परवानगी काढावी आणि दुसऱ्या गटाबरोबर खर्च वाटून घेता येतो का ते विचारावं. त्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. हाताशी दिवस असले की हे शक्य होतं. लालाजी बेला डोंगी न करता पायी जाणं हीसुद्धा बचतच आहे. फक्त निघण्यापूर्वी जिथे उतरलो त्या घरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघावं.

जेवणाला मासे-भात सगळीकडे मिळतो. लिटल अंदमान, दिगलीपूर, शहीद द्वीप या भागांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत, त्यामुळे रांधणं बंगाली वळणाचं. सकाळी पुरी-भाजी आणि डोसाही मिळतो. बोलायला हिंदी पुरते. शाकाहारी माणसाने घरचा चिवडा, मेतकूट, सुके लाडू असं काही जवळ ठेवावं. बोट उशिरा आली की भाजीचा बाजारही उशिरा भरतो. एटीएम सगळ्या बेटांवर मोजकी आहेत आणि त्यांत पैसे असतीलच असं नाही. चार-पाच दिवसांची रोकड नेहमी जवळ हवी. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्रतळावरून टाकलेली केबल सुरू झाली आणि लिटल अंदमान, लाँग आयलंड, रंगतही तिला जोडले गेले. तरी जंगलात आणि समुद्रावर रेंज जाते. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत.

अंधार, भरती आणि खाडी

अंदमान आपल्या पूर्वेला फार दूर आहे, पण घड्याळ भारताचंच चालतं. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो, मुंबईपेक्षा सुमारे तासभर आधी. एकट्याने फिरताना, आणि एकट्या स्त्रीने तर विशेष करून, दिवसाची आखणी याला धरून करावी. पहाटे पाचला उठायचं, फिरणं दुपारी तीनपर्यंत आटोपायचं आणि नव्या गावात पोचायचं तर उजेड असतानाच. रात्री पोचणारी बोट असेल तर घरमालकाला आधी फोन करून जेट्टीवर रिक्षा किंवा माणूस येईल असं पक्कं करावं.

समुद्राची वेळ कळायला आपल्या घरातली दिनदर्शिका उपयोगी पडते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं : भरती जास्त चढते आणि ओहोटीही खोलवर जाते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. रॉस आणि स्मिथमधला वाळूचा पट्टा ओहोटीलाच पुरता उघडा पडतो. शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकाचा पूल आणि त्याभोवतीच्या डबक्यांतले जीव पाहायलाही ओहोटीच हवी. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी हुकली तर उद्या केव्हा गाठायची, याचा अंदाज बांधता येतो. त्या दिवसाची नेमकी वेळ मात्र कोळ्यांना विचारावी.

खारफुटीची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पोहायचं नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या समुद्रातही फिरतात. २०१० साली राधानगरजवळ एका परदेशी पर्यटक स्त्रीचा अशा हल्ल्यात जीव गेला होता. फलक असेल तिथे तो पाळायचा, फलक नसेल तिथे गावात विचारायचं आणि संध्याकाळनंतर पाण्यात उतरायचंच नाही. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्या जागा खाजवल्या तर चिघळतात. खोबरेल तेल किंवा कीटकरोधक मलम आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पुरतो. मोठ्या उपचारांसाठी पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं, म्हणून रोजची औषधं दुप्पट न्यावीत आणि प्रवास विमा घ्यावा.

जिथे जायचं नाही

उत्तरेला जायचा दुसरा मार्ग अंदमान ट्रंक रोडचा. पोर्ट ब्लेअरहून दिगलीपूरपर्यंत सव्वातीनशेएक किलोमीटर आणि सरकारी बसने जवळजवळ अख्खा दिवस. बसभाडं कमी आहे. पण हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर ठरावीक वेळी वाहनांचा ताफा करून, पहाऱ्यात पुढे सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, खायला काही देणं हा गुन्हा आहे. आदिवासींच्या संरक्षणाचा नियम १९५६ सालचा आहे. त्यामागचं कारण समजून घेतलं तर तो पाळायला कुणी सांगावं लागत नाही. जारवांनी बाहेरच्यांशी शांततेने संपर्क ठेवायला सुरुवात केली ती १९९७-९८च्या सुमारास. त्यानंतर लगेच, १९९९ मध्ये, त्यांच्यात गोवराची साथ आली. शतकानुशतकं वेगळं राहिलेल्या समाजाकडे आपल्या साध्या आजारांशी लढायची ताकद नसते. खिडकीतून दिलेलं बिस्किटाचं पाकीट हीदेखील त्यांच्या जगण्यात केलेली ढवळाढवळ आहे.

म्हणूनच शक्य असेल तेव्हा रंगतपर्यंत बोटीने जावं, असं मी आग्रहाने सांगेन. त्याला दिवस जास्त लागतात, पण राखीव जंगलातली वर्दळ एका माणसाने तरी कमी होते. लिटल अंदमानवरही ओंगी समाजाचं मोठं राखीव क्षेत्र आहे. डुगाँग क्रीक आणि साउथ बे या त्यांच्या वस्त्या पाहण्याची ठिकाणं नाहीत. कुणी दाखवतो म्हणाला तरी जाऊ नये.

किनाऱ्यावरचं पोवळं किंवा शिंपला आठवण म्हणून उचलू नये, हेही त्याच यादीतलं. पोवळ्यांना आणि कित्येक शंख-शिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. रिकामा शिंपलाही तिथे एखाद्या शंखखेकड्याचं पुढचं घर असतो. प्लॅस्टिकचा कचरा जिरवायला लहान बेटावर जागा नसते; बरोबर नेलेली पाकिटं पोर्ट ब्लेअरला परत आणावीत.

बेत बदलणं या प्रवासात होणारच. हवा बिघडेल, एखादं गाव आवडून मुक्काम वाढेल. अशा वेळी हातातलं बोटीचं तिकीट तसंच खिशात राहू देऊ नये. परताव्यात चार पैसे मिळोत न मिळोत, जेट्टीच्या खिडकीवर जाऊन ते रद्द करावं. त्या जागेसाठी बहुतेकदा कुणीतरी रांगेत उभं असतं, आणि ती बोट गेली तर त्याला घरी जायला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.